बंब सोमेश्वरी

थॉर्नगिलच्या फायर स्टेशनात कोणी नसतं.
एक लाल बंब, भिंतीवर सहा हेल्मेटं,
खाली सहा जोड बूट,
विजारी त्यांच्यावर आधीच खोचून ठेवलेल्या,
जणू माणसं उभ्या उभ्या विरघळून गेली.

माणसं गावात आहेत.
कर्स्टी रेल्फ कुणाचे तरी केस कापते आहे.
डेरेक बेनब्रिज मेंढीच्या फऱ्यावर सुरा चालवतो आहे.
आणि दारातल्या बाकावर मी,
विद्यापीठाने कंब्रियाच्या या टोकाला पाठवलेली,
मांडीवर वही, हातात स्टॉपवॉच.
विषय एका ओळीत मावतो:
पेजर वाजल्यापासून पाणी पडेपर्यंत
वेळ किती जातो,
आणि जातो कुठे.

सोळा महिन्यांच्या नोंदी.
'विलंबाचे कारण' या रकान्यात डेरेकचं खाटकी अक्षर:
मेंढ्या रस्त्यावर.
धुकं.
मेंढ्या.
चौघांशिवाय बंब हलत नाही, चौथा इस्पितळात,
मुलगी झाली, सात पौंड.
मेंढ्या.

एकदा चहा पिताना मी त्याला म्हण सांगितली,
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.
त्याने कप खाली ठेवला.
"दोन्हींत अंतर किती?"
ठाऊक नव्हतं.
"रस्ता एकेरी आहे का?"
तेही नाही.
इतक्या पिढ्या बोललो,
मोजलं कुणीच नाही.
म्हण केली आणि मोकळे झालो.

मग सांगितलं, आमच्याकडे
न्हाणीघरात पाणी तापवायचा तोही बंबच,
तांब्याचा, पोटात निखारे.
"राख कोण काढायचं?"
आई, मी म्हटलं.
त्याने मान हलवली, जणू हेही कुठल्याशा रकान्यात भरायचं होतं.

शहरातल्या प्रयोगशाळेत आम्ही एक सोफा जाळला.
निळा, जुना, लिलावात बारा पौंडांना घेतलेला,
उशीच्या फटीत कुणाची तरी पेन्सिल.
तीन मिनिटं चाळीस सेकंदांत
छताखालचा धूर पेटला
आणि सोफा कुठला, खोली कुठली, कळेना.
थॉर्नगिलची सरासरी तेरा मिनिटं.
मधे उरतात नऊ मिनिटं वीस सेकंद.
त्यांत जी माणसं असतात त्यांना
आम्ही अहवालात 'रहिवासी' म्हणतो.

रहिवासी मीही आहे,
डाकघराच्या वरच्या खोलीत, भाड्याने.
मिरचीची फोडणी पडली की छतावरची चकती किंचाळते,
म्हणून तिचा सेल काढून
मी भिंतीवरच्या घड्याळात घातला आहे.
हे वहीत नाही.

फेब्रुवारीतला मंगळवार, दोन वाजून बारा मिनिटं.
पेजर वाजला.
डेरेक ॲप्रनसकट आला, मागून शाळेचा शिपाई,
मग डाकघरातला पोरगा, सायकल आडवी टाकून.
कर्स्टी धावत आली, कात्री अजून बोटांत,
आणि तिच्या मागून, काळा नायलॉनचा झगा फडकवत,
एडना टायसन, वय एकोणऐंशी,
डाव्या बाजूचे केस कानापर्यंत, उजव्या बाजूचे खांद्यावर.

पुलापाशी मेंढ्या होत्याच.
एडना थेट रस्त्याच्या मधोमध उभी राहिली,
झगा दोन्ही हातांनी पसरून
ओरडली काहीतरी, या दरीतलं, मला न कळणारं,
आणि कळप दुभंगला.
बंब मधून गेला.
मी पाहत राहिले.
बटण दाबायचं राहून गेलं.

त्या फेरीची वेळ माझ्याकडे नाही.
गोठ्याचं छप्पर गेलं, गाई वाचल्या, एवढंच.
कर्स्टी परतली साडेचारला.
तोवर एडना खुर्चीत बसून होती,
तशीच, अर्धी,
मासिक चाळत.

रात्री स्टुलावर चढून सेल जागी बसवला.
चकती एकदा बोलली.
भिंतीवर अजून सात वाजून दहाच.

दुसऱ्या दिवशी रकाना पाहिला.
डेरेकने लिहिलं होतं:
विलंब नाही. मिसेस टायसन.
मी पेन काढलं,
अशा नोंदीला सांकेतिक क्रमांक कुठला
ते शोधत बसले.